बसराई केळीचे कृत्रिम बियाणे: ट्रॉम्बेचा प्रयोग आणि त्याचा खरा उपयोग

खाण्याच्या केळीला बी नसते. केळ आडवे कापले की मधोमध दिसणारे काळे ठिपके म्हणजे वाढ खुंटलेली बीजांडे. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन या सगळ्या कॅव्हेंडिश गटातल्या त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या, जाती. त्यांची लागवड मुनव्यांवर (केळीच्या बुडाशी फुटणारी पिले) किंवा टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेल्या, रोपांवरच होते. मुनवा लावला की त्याच्यासोबत सूत्रकृमी, सोंडकिडा, कंदकूज आणि पर्णगुच्छ किंवा हरण्यासारखे विषाणूही शेतात येतात. टिश्यूची रोपे यातून बरीचशी सोडवतात, पण बाटलीतले रोप लांब पाठवणे अवघड आणि महाग पडते. मग प्रयोगशाळेतला कोंबच बियाण्यासारखा मण्यात बंद करून साठवता आणि पाठवता येईल का, असा प्रश्न पुढे आला.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, म्हणजे ट्रॉम्बेला, या प्रश्नावर काम झाले. गणपती, सुप्रसन्ना, बापट आणि राव यांच्या गटाने १९९२ मध्ये बसराईच्या कोंबांचे शेंडे ३ टक्के सोडियम अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासून मिळणारा, जेल बनवणारा पदार्थ) मण्यांत बंद केले. वेगवेगळ्या माध्यमांवर, म्हणजे पोषकद्रव्यांच्या मिश्रणांवर, ते वाढवून पाहिले आणि व्हाइटच्या माध्यमावर (कमी क्षारांचे एक मिश्रण) १०० टक्के मण्यांची रोपे झाली. ती रोपे मातीतही रुजली. शंभर टक्के हा आकडा पुढे जिथे तिथे सांगितला गेला. पण तो कुठल्या परिस्थितीतला आहे आणि त्यापलीकडे काय होते, हे समजून घेतल्याशिवाय त्याच्या भरवशावर कोणी रोपवाटिका काढू नये.

आधी काय झाले होते

वनस्पतीच्या शरीरपेशींपासून तयार केलेले भ्रूण आवरणात घालून बियाण्यासारखे वापरावे, ही कल्पना तोशियो मुराशिगे यांनी १९७७ मध्ये मांडली. १९८२ मध्ये किटो आणि जॅनिक यांनी गाजराच्या भ्रूणांवर पॉलिमरचे आवरण चढवले. १९८४ मध्ये रेडेनबॉ आणि सहकाऱ्यांनी अल्फाल्फाच्या (लसूणघासाच्या) भ्रूणांसाठी कॅल्शियम अल्जिनेट वापरले आणि तेव्हापासून बहुतेक ठिकाणी हेच जेल रूढ झाले. ट्रॉम्बेच्या गटाने यात महत्त्वाची वाट बदलली. भ्रूणाऐवजी कळी किंवा शेंडा मण्यात घालायचा, ही ती वाट. १९८७ मध्ये तुतीच्या कळ्या झाल्या, मधे १९८८ मध्ये चंदनाचे भ्रूणही झाले आणि मग केळीचे शेंडे.

हा फरक बारीक वाटला तरी सगळे प्रकरण त्याच्यावर उभे आहे. भ्रूणाला कोंब आणि मूळ अशी दोन्ही टोके असतात. शेंड्याला फक्त कोंबाचे टोक असते आणि मूळ त्याला नव्याने काढावे लागते. ज्या झाडाला मुळे फुटायला वेळ लागतो, त्याचा शेंडा मण्यात हिरवा राहतो, दोन पाने काढतो आणि तिथेच थांबतो. केळीच्या कोंबाच्या बुडाशी कंदाचा ऊतक असतो आणि त्यातून मुळे सहज येतात. म्हणून केळी हे पीक या पद्धतीला सोयीचे पडले. चंदन किंवा आंब्याला हाच न्याय लावता येत नाही.

शेंडे कुठून घ्यायचे

मातृवृक्षाचा घड डोळ्यांनी पाहिलेला असावा. मुनवा घेण्यापूर्वी पर्णगुच्छ, सीएमव्ही (हरण्याचा विषाणू), स्ट्रीक आणि ब्रॅक्ट मोझॅक या विषाणूंची तपासणी एलायझा किंवा पीसीआर या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनी करून घ्यावी. मण्यामुळे विषाणू जात नाही. मण्यात तो सुरक्षित बसतो आणि जिथे पाठवाल तिथे पोचतो.

तलवारीसारख्या अरुंद पानांचा मुनवा घ्यावा. वाहत्या पाण्यात धुऊन बाहेरची आवरणे सोलत सोलत सुमारे ५ सेंटीमीटरचा ठोकळा ठेवावा आणि लिटरला १ ते २ ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात अर्धा तास बुडवावा. पुढचे काम लॅमिनारमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या पेटीत. ७० टक्के अल्कोहोलने पुसून, ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइडमध्ये ८ ते १० मिनिटे ठेवून, निर्जंतुक पाण्याने तीन-चारदा धुवायचे. पाऱ्याचे हे द्रावण बेसिनमध्ये ओतू नये. वेगळ्या डब्यात साठवून घातक कचरा म्हणूनच त्याची विल्हेवाट लावावी. शेवटी आणखी दोन आवरणे काढून एक ते दीड सेंटीमीटरचा तुकडा उरतो. तो एमएस (मुराशिगे-स्कूग) या नेहमीच्या माध्यमावर घ्यायचा: लिटरला ३० ग्रॅम साखर, २ ते ५ मिलिग्रॅम बीएपी (कोंब फुटवणारे संप्रेरक), ७ ते ८ ग्रॅम अगर, पीएच ५.८. तापमान २५ अंश, उजेड १६ तास.

केळीचा कापलेला भाग काळा पडतो, हे भाजीसाठी केळफूल चिरणाऱ्यालाही माहीत असते. पहिले दोन आठवडे दर तीन-चार दिवसांनी तुकडा नव्या माध्यमावर हलवावा किंवा माध्यमात लिटरला १०० मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल घालावे. तिसऱ्या-चौथ्या सबकल्चरला, म्हणजे नव्या माध्यमावर हलवण्याच्या फेरीला, कोंबांचे झुबके मिळू लागतात.

मण्यासाठीचा झुबका शेवटची एक फेरी कमी बीएपीवर, लिटरला सुमारे १ मिलिग्रॅमवर काढलेला असावा. जास्त बीएपीत वाढलेल्या शेंड्यात ते शिल्लक राहते आणि मुळे अडतात. मग दोष मण्याला दिला जातो.

शेंडा सुमारे ४ मिलिमीटरचा घ्यावा आणि त्यात बुडाचा एक-दीड मिलिमीटर कंदाचा पांढरा भाग राहिलाच पाहिजे. नवा ऑपरेटर शेंडा ‘स्वच्छ’ दिसावा म्हणून बूड तासून टाकतो. असा मणी हिरवा राहतो, कोंबही काढतो, पण महिना झाला तरी मूळ येत नाही. एक मिलिमीटरचे नाजूक शेंडे जेलमध्येच मरतात. सहा-सात मिलिमीटरचे शेंडे मण्यात मावत नाहीत आणि त्यांचे पान बाहेर डोकावते.

जेल

१०० मिलिलिटर जेलसाठी सोडियम अल्जिनेट ३ ग्रॅम, साखर ३ ग्रॅम आणि कॅल्शियम वगळून तयार केलेले एमएसचे क्षार घ्यावेत. पीएच ५.८. पाणी डिस्टिल्डच हवे. एमएसच्या नेहमीच्या माध्यमात लिटरला ४४० मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइड असते. ते तसेच वापरले तर जेल भांड्यातच गुठळ्या धरते. बोअरच्या पाण्याचे तर बोलायलाच नको.

अल्जिनेट एकदम ओतले तर वरून ओलसर, आतून कोरड्या गाठी होतात आणि त्या तासभर ढवळूनही फुटत नाहीत. कोमट पाणी चुंबकी ढवळणीवर ठेवून चिमटीचिमटीने भुरभुरावे आणि पूर्ण विरघळण्यासाठी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुकीकरण) १२१ अंशांवर १५ मिनिटे, एकदाच. उष्णतेने अल्जिनेटच्या लांब साखळ्या तुटतात आणि दर वेळी जेल पातळ होते. म्हणून उरलेले जेल पुन्हा ऑटोक्लेव्ह करून वापरले की मणी चपटे पडतात. ‘तीच कृती, पण या आठवड्यात मणी बिघडले’ अशा तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच निघते.

माध्यमात काळेपणा रोखण्यासाठी सायट्रिक आम्ल चालते, जेलमध्ये मात्र चालत नाही. सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवते आणि त्यामुळे मणी सैल राहतो. काळेपणासाठी जेलमध्ये काही घालायचेच असेल तर ॲस्कॉर्बिक आम्ल, तेही गाळून निर्जंतुक केलेले, घालावे.

दुसऱ्या बाजूला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेटचे १०० मिलिमोलचे द्रावण लागते, म्हणजे लिटरला १४.७ ग्रॅम. ७५ मिलिमोलनेही, म्हणजे ११ ग्रॅमनेही, काम होते आणि मणी थोडा मऊ राहतो. अल्जिनेटच्या साखळीत ग्युल्युरोनिक आम्लाचे पट्टे असतात. कॅल्शियमचे आयन सोडियमची जागा घेऊन दोन साखळ्यांचे हे पट्टे एकमेकांना बांधतात आणि द्रव घट्ट होतो. ज्या अल्जिनेटमध्ये हे पट्टे जास्त असतात त्याचा मणी कडक आणि ठिसूळ होतो, कमी असतील तर मऊ. बाटलीवर ‘३ टक्के’ कसे करायचे ते लिहिलेले असते, पट्ट्यांचे प्रमाण क्वचितच. म्हणून कंपनी बदलली की पहिले वीस मणी चाचणीसाठी शेंड्याशिवाय पाडून पाहावेत.

मणी पाडणे

पिपेटच्या टोकाचे किंवा सिरिंजचे तोंड कापून ५ ते ६ मिलिमीटर रुंद करावे आणि शेंडे जेलमध्ये सोडावेत. एकेक शेंडा थोड्या जेलसह ओढून घ्यावा आणि कॅल्शियम क्लोराइडच्या पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटीमीटर वरून एक थेंब सोडावा. उंची जास्त झाली की थेंब आपटून चपटा होतो, कमी झाली की त्याला शेपूट येते. द्रावण हलक्या हाताने फिरते ठेवावे, नाहीतर मणी तळाशी एकमेकांना चिकटतात.

सुमारे ७ मिलिमीटरचा मणी योग्य. एका मण्याचे आकारमान ०.१८ मिलिलिटरच्या आसपास येते. १०० मिलिलिटर जेलमधून हिशोबाने साडेपाचशे मणी निघायला हवेत, हाताने चारशे चांगले मिळाले तरी पुष्कळ. एवढ्या जेलला २५० मिलिलिटर कॅल्शियम द्रावण पुरते, पण त्यातले जवळपास ३० टक्के कॅल्शियम मण्यांत जाते. दुसरी बॅच त्याच द्रावणात काढली तर मणी आतून कच्चे राहतात. नवे द्रावण घ्यावे.

मणी २० ते ३० मिनिटे द्रावणात ठेवावेत. दोन बोटांत हलकेच दाबला की दबून परत आपल्या आकारात यावा. भिजलेल्या साबुदाण्यासारखा पारदर्शक मणी झाला, मधोमध हिरवट-पांढरा शेंडा स्पष्ट दिसला, की काम जमले. पाच मिनिटांत काढला तर बाहेरची साल घट्ट आणि आत द्रव राहतो. तासभर ठेवला तर तो कोंबाला फोडता येत नाही आणि क्लोराइडचा त्रास वेगळाच. मग निर्जंतुक पाण्याने तीन वेळा धुवावे. शेंड्याचे टोक बाहेर आलेले मणी वेगळे काढून पुन्हा जेलमध्ये बुडवून दुसरा थर द्यावा. एकीकडे सरकलेला शेंडा दिसायला किरकोळ दोष वाटतो, पण साठवणीत पहिल्यांदा तोच सुकतो.

मणी उघडतो कसा

ट्रॉम्बेच्या प्रयोगात व्हाइटचे माध्यम सर्वांत चांगले ठरले, यात केळीच्या दृष्टीने आश्चर्य नाही. एमएस माध्यमात एकूण नायट्रोजन ६० मिलिमोल असतो, व्हाइटमध्ये तीन-चार मिलिमोलच्या आसपास आणि अमोनियम नाही. मुळे काढण्यासाठी क्षार कमी करणे हा टिश्यू कल्चरमधला जुना नियम आहे. व्हाइटचे क्षार हाताशी नसतील तर अर्ध्या ताकदीचे एमएस वापरून पाहायला हरकत नाही.

मणी पेरल्यावर माध्यमातले पोटॅशियम आणि फॉस्फेट हळूहळू मण्यातले कॅल्शियम बाहेर काढतात, मणी मऊ होतो आणि कोंब फोडून वर येतो. मणी फारच कडक झाले असतील तर पेरण्यापूर्वी पोटॅशियम नायट्रेटच्या १०० मिलिमोल द्रावणात थोडा वेळ बुडवून, धुऊन, मग पेरावेत. कोंब साधारण आठवड्याभरात बाहेर दिसतो, मुळे त्यानंतर येतात.

इथे मोजमापाचा एक मुद्दा आहे आणि त्यावर बरीच फसगत होते. मण्यातून कोंब डोकावला म्हणजे उगवण. मणी फोडून कोंब आणि मुळे दोन्ही आली, पाने उघडली आणि रोप वेगळे लावण्याजोगे झाले, तर रूपांतर. ९० टक्के उगवण आणि ५० टक्के रूपांतर हे एकाच बॅचचे आकडे असू शकतात. १९९२ चा शंभर टक्क्यांचा आकडा रूपांतराचा आहे, पण निर्जंतुक भांड्यातल्या रूपांतराचा. मातीत जी गेली ती तयार रोपे म्हणून गेली, मणी म्हणून नव्हे.

बिघाड ओळखायचा कसा

मण्याचा रंग बरेच काही सांगतो. दोन-तीन दिवसांत शेंड्याभोवती तपकिरी वलय आले तर ते फिनॉल, म्हणजे कापलेला भाग काळा पाडणारी द्रव्ये. कापताना जखम जास्त झाली किंवा शेंडे कापून ठेवले आणि जेल तयार व्हायला वेळ लागला. आधी जेल आणि कॅल्शियम तयार ठेवावे, मग शेंडे कापायला घ्यावेत.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बुडाशी दुधाळ ढग दिसला तर तो जिवाणू. केळीच्या ऊतकाच्या आत राहणारे जिवाणू पृष्ठभागाच्या निर्जंतुकीकरणाने मरत नाहीत. झुबक्यात ते महिनोन्महिने गप्प असतात. मण्यातली साखर आणि कोंडलेली जागा मिळाली की उसळतात. याचा उपाय मणी पाडण्यापूर्वीचा आहे: झुबक्याच्या बुडाचा पातळ काप न्यूट्रिएंट अगरवर टाकून दोन-तीन दिवस पाहावा. ज्या झुबक्यात वाढ दिसली त्याची सगळी संतती टाकून द्यावी. जेलमध्ये अँटिबायोटिक घातले तर ढग दिसत नाही, पण जिवाणू असतो. पुढे ट्रेमध्ये तो रोप आडवे करतो.

पूर्ण मणी एकसारखा पांढुरका झाला तर घाबरू नये. बहुधा फॉस्फेट आणि कॅल्शियमचा साका आहे. शेंडा मात्र हिरवा असायला हवा. शेंडा पांढरा, काचेसारखा आणि पानांची टोके वळलेली दिसली तर झुबक्यातच पाणी जास्त झाले होते. अशा झुबक्यातून मणी पाडू नयेत.

सगळ्यात अवघड दोष बाहेरून दिसत नाही. जेलमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि त्यातून ऑक्सिजन हळू जातो. मणी दहा-बारा मिलिमीटरचा झाला किंवा घट्ट बंद नळीत उबदार जागी राहिला, की मधला शेंडा गुदमरतो.

साठवण: फ्रीजचा मोह

तुतीच्या कळ्यांचे मणी ४ अंशांवर साठवता येतात. हे वाचून केळीचे मणीही घरच्या फ्रीजच्या तापमानाला ठेवले जातात आणि तिथेच मरतात. केळी उष्ण प्रदेशातली. केळी फ्रीजमध्ये ठेवली की साल काळी पडते, तेच तिच्या कोंबाचेही होते. काही दिवस ४ अंशांवर निभावतो, पण आठवडे गेले की बाहेर काढल्यावर शेंडा पाणचट तपकिरी होतो.

बेल्जियममधल्या ल्युवेन विद्यापीठात केळीच्या जातींचा आंतरराष्ट्रीय संग्रह आहे. तिथे दीड हजारांहून अधिक नमुने टिश्यू कल्चरमध्ये सुमारे १६ अंशांवर, मंद उजेडात ठेवले जातात आणि वर्षातून एखाद्या वेळी नव्या माध्यमावर घेतले जातात. केळीच्या मण्यांसाठीही हेच तापमान धरावे. १५ ते १८ अंश, मंद उजेड, निर्जंतुक नळीत ओलसर कापसावर किंवा कमी क्षारांच्या अगरवर मणी ठेवावेत. उघड्यावर, खोलीच्या तापमानाला, मणी एका दिवसात आकसून खड्यासारखा कडक होतो. पाण्यात परत भिजवला तरी पूर्वीसारखा होत नाही.

पाठवणीसाठी मात्र मणी खरोखर सोयीचा आहे. एका चाचणी नळीत पाच-सहा रोपे मावतात. त्याच जागेत मणी कितीतरी जास्त मावतात आणि अगर हलून रोपे उलटी होण्याची भानगड नाही. थर्माकोलच्या डब्यात बर्फ न घालता, उन्हापासून लांब, चार-पाच दिवसांत पोचेल अशा बेताने पाठवावे.

थेट मातीत का जमत नाही

खऱ्या बियाण्यात भ्रूणाची शिदोरी असते, वर टरफल असते, आत कोरडेपणा असतो. मण्यात शिदोरी म्हणजे जेलमधली साखर. साखर घातली तर मातीत दोन दिवसांत बुरशी येते, मुंग्या येतात. साखर काढली तर शेंड्याला उभे राहायला बळ नाही, कारण त्याला मूळ यायचे आहे आणि पानांनी अन्न तयार करायला अजून अवकाश आहे. बुरशीनाशक जेलमध्ये घालून वेळ मिळवता येतो. तुतीवर ट्रॉम्बेच्याच कामात असे बुरशीनाशक मण्यात घातले होते आणि कळ्या मातीत वाढवल्या होत्या. पण तुतीची कळी म्हणजे लाकडी फांदीवरची, स्वतःचा साठा असलेली तयार कळी. केळीचा बाटलीतला शेंडा तितका कणखर नसतो.

म्हणून व्यवहारात मधली पायरी ठेवावीच लागते. मणी निर्जंतुक कोकोपीट किंवा वर्मिक्युलाइटवर, अर्ध्या क्षारांच्या द्रावणाने भिजवून, झाकणाच्या डब्यात पेरावेत. चार ते सहा आठवड्यांत सहा-आठ सेंटीमीटरचे, तीन-चार मुळांचे रोप होते. ते धुऊन प्रोट्रेमध्ये (खणांच्या ट्रेमध्ये), ८० ते ९० टक्के आर्द्रतेत चार-सहा आठवडे, मग पिशवीत ५० टक्के शेडनेटखाली आणखी सहा-आठ आठवडे. शेतकऱ्याकडे जाताना रोप फूटभर उंच आणि पाच-सहा पानांचे असते. म्हणजे हार्डनिंगचा (रोप बाहेरच्या हवेला सरावण्याचा) एकही टप्पा वाचत नाही.

आता पैशांचा विचार करा. शेंडा हातानेच कापायचा, हातानेच मण्यात घालायचा. सबकल्चर करणारा ऑपरेटर जे काम करतो त्यावर मण्याची आणखी एक पायरी चढली. समजा ट्रेपर्यंत पोचेपर्यंत ६० टक्के मण्यांची रोपे झाली. एका एकराच्या १,७४२ रोपांसाठी २,९०४ मणी लागतील, आणि वाढ मागेपुढे झाल्याने एकाच वयाची रोपे मिळणार नाहीत ती गोष्ट वेगळी. केळीत मागे राहिलेले रोप शेजाऱ्याच्या सावलीत जाते आणि कंटेनर भरण्याच्या वेळी त्याचा घड तयार नसतो. जळगावच्या शेतकऱ्याला मण्याचे कौतुक नाही, त्याला एकसारखी बाग हवी.

हे गणित बदलायचे तर हात बाजूला करावा लागेल. म्हणजे द्रव माध्यमात हजारोंनी वाढणारे भ्रूण. ट्रॉम्बेच्याच प्रयोगशाळेने २००१ मध्ये रसथाळी जातीच्या भ्रूणांचे अल्जिनेट मणी करून रोपे मिळवली. केळीत असे भ्रूण बहुधा कोवळ्या नर फुलांपासून मिळवतात आणि त्याला महिने लागतात. प्रत्येक जातीला वेगळी कृती बसवावी लागते, शिवाय पेशी जितक्या जुन्या तितकी बिघडलेली रोपे वाढतात. व्यापारी टिश्यूतही सात-आठ सबकल्चरपुढे जाऊ नये असा दंडक आहे तो याचसाठी. मण्यामुळे बुटकी किंवा चट्ट्यापट्ट्याची रोपे होत नाहीत, पण आधीच झालेला बदल मणी लपवून पुढे नेतो. मण्यातला शेंडा पाहून ते कळत नाही.

जतनासाठी मणी कितपत

लागवडीला नाही, पण जतनाला आणि देवाणघेवाणीला मणी उपयोगी आहे, असे या प्रकरणावरून म्हणता येते. वसईची राजेळी, लाल वेलची, सफेद वेलची, बनकेळ, गोव्याची साळदाटी, रसबाळी, मयंडोळी अशा जाती मोजक्या वाड्यांत आणि कुळागरांत उरल्या आहेत. तिरुचिरापल्लीचे राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आणि दिल्लीचा राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संपदा ब्यूरो असे नमुने राखतात. जात एकाच ठिकाणी ठेवणे धोक्याचे. दुसऱ्या प्रयोगशाळेत तिची प्रत पाठवायची तर पंधरा-वीस मणी पुरतात.

दीर्घकाळ साठवायचे तर द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश. त्यातही मण्याचा एक मार्ग आहे. फाब्र आणि देर्यूद्र यांनी १९९० मध्ये बटाट्याच्या कुळातल्या एका जातीवर तो दाखवला: मणी तीव्र साखरेच्या द्रावणात ठेवून, सिलिका जेलवर किंवा लॅमिनारच्या हवेत सुमारे २० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून, मग नायट्रोजनमध्ये टाकायचे. केळीचा ऊतक मात्र इतका वाळवलेला फारसा सोसत नाही. ल्युवेनमध्ये केळीसाठी दुसरी पद्धत बसवली आहे. अगदी बारीक शेंडा पीव्हीएस-२ द्रावणात (ग्लिसरॉल ३० टक्के, इथिलीन ग्लायकॉल १५ टक्के, डीएमएसओ १५ टक्के, सुक्रोज ०.४ मोल) थंड ठेवून, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर थेंबात घेऊन थेट नायट्रोजनमध्ये बुडवायचा. केळीच्या दीर्घ जतनासाठी मण्याच्या मागे लागण्यापेक्षा हीच पद्धत शिकून घेणे शहाणपणाचे.

स्थानिक जाती हाताळताना बसराईचा अनुभव जसाच्या तसा लावू नये. बसराई शुद्ध ‘एएए’ गटाची, म्हणजे तिचे तिन्ही गुणसूत्रसंच ॲक्युमिनाटा या रानकेळीकडून आलेले. राजेळी ‘एएबी’, सफेद वेलची ‘एबी’. बाल्बिसियाना या रानकेळीकडून आलेल्या ‘बी’ संचात केळी स्ट्रीक विषाणूचे तुकडे गुणसूत्रांतच बसलेले असू शकतात आणि टिश्यू कल्चरच्या ताणाने ते जागे होऊन रोगी रोप देतात. मातृवृक्ष तपासणीत निर्दोष निघाला तरी मण्यातून आलेले रोप निर्दोष असेलच असे नाही. म्हणून ‘बी’ संच असलेल्या जातींची तपासणी दोनदा करावी: एकदा झुबक्यावर आणि पुन्हा मण्यापासून आलेल्या रोपाला चार-पाच पाने फुटल्यावर.

पाठवणीच्या प्रत्येक नळीवर जातीचे स्थानिक नाव, गाव, मातृवृक्षाचा क्रमांक, सबकल्चरची संख्या, मणी पाडल्याची तारीख, जेलमध्ये बुरशीनाशक किंवा अँटिबायोटिक आहे का, आणि विषाणू तपासणीची तारीख एवढे लिहिलेले असावे. यातली सबकल्चरची संख्या लिहायची सर्वांत जास्त राहून जाते. घेणाऱ्याने ती कोरी दिसली तर मणी पेरण्याआधी विचारून घ्यावी.